तुझ्या खेळाला वारस लागला नाही

प्रिय ताई,

काल संध्याकाळी मी आईसमोर तुझी नक्कल ठेवली, आणि आईनं ती तूच आहेस असा समज करून घेतला. म्हणून हे पत्र लिहायला बसलोय. बाबांना सांगता येत नाही, आईला तर नाहीच नाही. मग राहिलं कोण? दुपारची वेळ आहे, दुकानात गिऱ्हाईक नाही. समोर मेहकरची गाडी लागली आहे. तू रोज याच गाडीनं टायपिंग शिकवायला जायचीस, आणि ती लागली की मी अजूनही मान वर करतो.

तुझ्यावर रागही आहे माझा, तो आधी सांगून टाकतो. तो डोंगरावर घर बांधायचा लॅपटॉपवरचा खेळ तू विकत कशाला घेतलास? मी तुला सांगितलं होतं की नाही? माझ्या दोस्ताकडून, इमरानकडून, पेनड्राइव्हवर फुकट आणून देतो म्हणालो होतो. आपण लहानपणापासून सगळे खेळ तसेच खेळलो. मेहकरच्या बाजारातून आणलेल्या, वर स्केचपेननं नाव लिहिलेल्या त्या सीड्या आठवतात का? तेव्हा तुला काही खुपलं नाही. पण आजार कळला, क्लास सुटला आणि तू एकदम धर्मराज झालीस.

"ज्यानं बनवलं त्याले त्याचं भेटलं पाहिजे, आक्या," म्हणालीस.

त्यामागचं कारण मला ठाऊक होतं. टायपिंगच्या परीक्षेसाठी तू रात्रंदिवस बसून सराव-प्रश्न काढले होतेस. पुढच्याच वर्षी त्याच्या झेरॉक्स अख्ख्या तालुक्यात फिरत होत्या, त्यावर नाव दुसऱ्याच कोणाचं होतं. त्या दिवशी तू जेवली नव्हतीस. त्यामुळे मी पुढे वाद घातला नाही. घे म्हटलं, घे विकत.

पण ताई, तू विकत काय घेतलंस? हे मला आता विचारायचं आहे, आता, जेव्हा तू उत्तर देऊ शकत नाहीस.

हल्लीचे खेळ सगळे असेच. एकट्यानं खेळायचा खेळ, तरी त्याला इंटरनेट पाहिजे. दर वेळी उघडताना तो कंपनीला विचारणार, ही बाई खरी आहे का, हिनं पैसे दिलेत का, हा लॅपटॉप तोच आहे का. आपल्या दुसरबीडला लाइट गेली की टॉवर जातो, आणि टॉवर गेला की खेळ तुला चोर समजून दार लावून घेणार. तू उशीला टेकून बसायचीस, हातात सुईची पट्टी, आणि पडद्यावर ते गोल गोल फिरत राहायचं. "माझ्या घरात जायची परवानगी मागून राह्यली मी," म्हणून हसायचीस. मला तेव्हाही हसू येत नव्हतं.

इमरानला हे सांगितलं तर तो म्हणाला, "भाऊ, जो पैसे देते त्याच्याच घरी हे चौकीदार बसवते. चोराच्या घरी कोण बसते?"

खरं सांगतो, तुझं ते घर मात्र सुंदर होतं. उतारावर लाकूड तोडून, माती खणून बांधलेलं. पूर्वेला ओसरी, मागं वांग्याचे वाफे. आई शेजारी खाटेवर बसून पाहायची. पहिल्यांदा तिला ते काय आहे तेच कळेना. मग हळूहळू सूचना सुरू झाल्या. चूल दारासमोर नको. पाणी उताराच्या बाजूला साठव. दारात तुळस काऊन नाही? खेळात तुळस नव्हती. तू कुठलंसं हिरवं झुडूप कुंडीत लावलंस आणि आईला म्हणालीस, "हे तिकडची तुळस हाय." आईनं ते मान्य केलं. संभाजीनगरच्या दवाखान्यातून परत आलीस की तुम्ही दोघी आधी तिथं जायचात, मग जेवायला.

आणि ती भूक. खेळातल्या तुझ्या बाहुलीला दिवस मावळला की भूक लागायची. वेळेवर शिजवून दिलं नाही तर ती ओसरीवर पोट धरून बसायची. आईला ते पाहवत नसे. तुझ्या घशाखाली घास उतरत नव्हता त्या दिवसांत आई म्हणायची, "तू नको खाऊ, पण तिले तरी दे." तू द्यायचीस. आईला तेवढंच समाधान.

तुझी तेरवी झाली, पाहुणे गेले. संध्याकाळी आई तो लॅपटॉप छातीशी धरून माझ्याकडे आली. म्हणाली, "उघड बरं. किती दिवस झाले, ती जेवली नसन."

माझ्या मनात काय आलं ते तिनं चेहऱ्यावरून ओळखलं.

"मी येडी नाही, बाबू. मरेल माणूस त्या डब्ब्यात राह्यत नाही, एवढं समजते मले. पण तिच्या हातचं घर हाय ते. तिथं कोणी उपाशी बसू नये."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आम्ही तुझ्या घरी जात होतो. मी शिजवायचो, बाहुली खायची, आई पाहायची. मग आई उठून आपल्या चुलीकडे जायची. तेव्हाच ती स्वतः दोन घास खाते हे माझ्या लक्षात आलं. बाबांच्याही आलं. ते दिवे लागायच्या वेळी लॅपटॉप चार्जिंगला लावायला लागले.

अडचण एकच होती. काही दिवस गेले की खेळ विचारायचा, तुम्ही त्याच का? आणि तुझ्या नंबरवर कोड पाठवायचा. तुझं सिम आम्ही चालू ठेवलं होतं. कोड आला की मी टाकायचो, म्हणजे दर वेळी मी सांगत होतो की हो, मीच वैशाली. ताई, मला ते सहन होईना. एक तर खोटं, आणि त्यात भीती. सिम बंद पडलं तर? लॅपटॉप बिघडला तर?

त्याच सुमारास बाबा तुझ्या नावचा तो अर्ध्या एकराचा तुकडा वारसाला लावायला तलाठ्याकडे चकरा मारत होते. मृत्यूचा दाखला, अर्ज, नोटीस, मग फेरफार. बँकेतही तेच, गॅसच्या कार्डालाही तेच. दाखला दिला की लोक हळहळतात आणि नाव बदलून देतात. जेवताना मी बाबांना खेळाची अडचण सांगितली.

बाबा म्हणाले, "मंग त्यालेही वारस लावून घे ना. सातबाऱ्याले लागते तर खेळाले काऊन नाही लागणार? पैसे भरून घेतला हाय तिनं."

मला ते पटलं. तुझ्याच वळणाचं वाटलं. चोरून कशाला राहायचं, रीतसर करून घेऊ. मी कंपनीला इंग्रजीत मेल लिहिला. माझी बहीण वारली, मी तिचा भाऊ, आमच्या आईसाठी हा खेळ माझ्या नावे करून द्यावा. सोबत ग्रामपंचायतीचा दाखला जोडला. तुझं नाव, बाबांचं नाव, गोल शिक्का.

उत्तर लवकर आलं. तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. खेळ वापरण्याची परवानगी त्या व्यक्तीपुरती होती, ती दुसऱ्याला देता येत नाही. तुम्ही दिलेल्या माहितीनुसार खातं बंद करण्यात आलं आहे.

तुम्ही दिलेल्या माहितीनुसार! मी माहिती दिली, ताई. तू गेलीस हे मीच त्यांना कळवलं, शिक्क्यानिशी, आणि त्यांनी लगेच विश्वास ठेवला.

तुझं घर लॅपटॉपमध्ये नव्हतंच, हे मला तेव्हा नीट कळलं. लॅपटॉपमध्ये नुसतं दार होतं. घर, ओसरी, वाफे, कुंडी, सगळं त्यांच्या मशीनवर. नक्कल होऊ नये म्हणून असं ठेवतात म्हणे. मी पुन्हा लिहिलं, विनवण्या केल्या, निदान एकदा आईला दाखवू द्या म्हटलं. मग उत्तर देणारं माणूस आहे की मशीन आहे तेही कळेनासं झालं. शेवटी कळवलं की त्या खात्यावरचं सगळं पुसलं गेलं आहे. सातबाऱ्यावर माणूस मेला की वारस चढतो. इथं माणूस मेला की जमीनच नाहीशी करतात, आणि त्याला कायदा म्हणतात.

आईला मी सांगितलं, नेट नाही; बाबांनाही तेच. दुसऱ्या दिवशीही नेट नाही. तिसऱ्या दिवशी तिनं शेजारच्या पोराला मोबाइलवर काहीतरी पाहताना पाहिलं आणि विचारलं, "त्याच्या घरी हाय ना नेट?" मी म्हणालो, आपल्या लाइनला गडबड आहे. त्या दिवसापासून ती ताट तसंच ठेवायला लागली. बाबा माझ्याकडे पाहायचे, मी उठून दुकानात जायचो.

मग मी इमरानकडे गेलो. जायला नको होतं का? तू असतीस तर काय केलं असतंस? त्यानं तोच खेळ पेनड्राइव्हवर दिला. कुलूप तोडलेला, नेट लागत नाही, कोणाला काही विचारत नाही. जुना, अगदी पहिल्या आवृत्तीचा, पण चालतो. आजतागायत एकदाही अडला नाही. तू पैसे मोजून घेतलेला गेला, आणि चोरीचा हा बसलाय घरात खुशाल. याचा तुला राग येईल. मलाही येतो. तुझ्या झेरॉक्सची गोष्ट मी विसरलेलो नाही, ज्यांनी खेळ बनवला त्यांचंही पोट आहे हे मला कळतं. पण कुलूप लावायचं तर चोराला लावा ना. मेलेल्या बाईच्या आईला कसलं लावता?

दुकानात बसून मी तुझं घर पुन्हा बांधायला घेतलं. गिऱ्हाईक आलं की झाकण लावायचं, गेलं की उघडायचं. उतार शोधला. ओसरी पूर्वेला केली. चूल बाजूला, वाफे मागं. बऱ्याच गोष्टी आठवेनात. कुंडी दाराच्या डावीकडे होती की उजवीकडे? रोज पाहूनही मला सांगता येईना. मग बाहुली केली. तुझ्याएवढी उंच, रंग सावळा, हिरवा कुडता.

फक्त टोपी मिळाली नाही. तुझे केस गेले त्या आठवड्यात तू तिचेही केस काढले होतेस आणि तिला ती निळी विणलेली टोपी घातली होतीस. ती टोपी खेळात नंतर आली, ज्यांनी पैसे भरलेत त्यांनाच. या जुन्या खेळात तसं काही नाही. बिनटोपीची बोडकी बाहुली मला करवेना. मी तिला केस दिले. लांब, पूर्वी तुझे होते तसे, एक वेणी.

काल संध्याकाळी आईला म्हणालो, आलं नेट.

ती पदराला हात पुसत आली, खाटेवर बसली. मी खेळातलं दार उघडलं, बाहुलीला ओसरीवर आणलं. आई पुढं वाकली. बराच वेळ पाहत होती. मला वाटलं, ओळखलं हिनं. आता कुंडीचं विचारेल, घराचं विचारेल. मी उत्तरं तयार ठेवली होती.

आई म्हणाली, "केस आले वाटते तिचे."

ताई, ती हसली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मग म्हणाली, "बरी दिसून राह्यली. जेवू घाल." मी जेवू घातलं. आई चुलीकडे गेली आणि पोटभर जेवली. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना वाटलं, मी काहीतरी चांगलं केलं.

मला झोप लागली नाही. तिनं मला सांगितलं होतं ना, तिच्या हातचं घर हाय म्हणून? तुझ्या हातचं आता काही उरलेलं नाही आणि ते मी दाखला जोडून घालवलं. आता ती माझ्या हातचं घर पाहून जेवते, आणि तिच्या मनात तू बरी होत चालली आहेस. आज केस आले. उद्या तिला वाटेल, अंगानं भरली. मग? मी किती दिवस तुला बरं करत नेऊ? एकदा दवाखान्यातून येताना गाडीत तू माझा हात धरून म्हणाली होतीस, "आईले खोटं सांगू नको, आक्या. तिले तयारी करू दे." तेव्हा मी हो म्हणालो होतो, आणि तरीही शेवटपर्यंत तिला "फरक पडून राह्यला" असंच सांगत गेलो. ती तयारीशिवाय राहिली. तू दोनदा जाऊ नयेस तिच्यासाठी, एवढीच माझी भीती आहे. आणि सांगितलं तर तेच होणार, हेही मला दिसतंय.

तरी सांगणार. आज संध्याकाळी, लॅपटॉप उघडायच्या आधी. तुझं घर गेलं, ते माझ्यामुळे गेलं, हे मी बांधलेलं आहे. आणि तिचे केस आलेले नाहीत, आई, टोपी मिळाली नाही म्हणून मी लावलेत. यातला एकही शब्द गाळणार नाही, हा माझा शब्द. ऐकून ती जेवली नाही तर मीही जेवणार नाही, तिच्याजवळ बसून राहीन. आणि सगळं ऐकूनही "लाव" म्हणाली तर लावीन, त्या पोरीला रोज जेवू घालीन. पण तुझ्या नावानं तिला हाक मारणार नाही.

तुझा,
आक्या