पान हलंना तिथली पवनचक्की

वारंगा फाटा,
३ नोव्हेंबर २००५

आदरणीय धम्मानंददादांना रत्नपालचा मनापासून जयभीम. वहिनींचा गुडघा आता जिना चढू देत असंल, असं धरून चालतो. इकडं आमी मजेत. तुमच्या बहिणीची, करुणाची तब्येत तर मला झेपंना इतकी उत्तम आहे.

पुण्यात तुमच्या कारखान्यात माझ्यासाठी वेल्डरची जागा धरून ठेवलीत, त्याचं उत्तर लांबलं. कारण असं की, आमच्या औद्योगिक वसाहतीतली (तीन शेड, एक बंद जिनिंग आणि मी) लाइट सकाळी जाते ती दिवस बुडताना येते. वेल्डिंग बंद. लोकं नांगर-वखर दाराशी टाकून मला शिव्या देऊन राहिले. पण स्वतःचं दुकान सोडून दुसऱ्याच्या भोंग्यावर धावायचं माझ्या लई जिवावर आलं. म्हणून फुलसिंग भंगारवाल्याकडून ऑइलचा ड्रम, ट्रॅक्टरचा डायनामो आणि मोडक्या ट्रॉलीच्या चाकाचं हब आणलं, ड्रम उभा चिरून त्याचीच फिरती पाती केली आणि पवनचक्की उभी केली. (नवीन म्हणाल तर फक्त हिरवा रंग.) करुणानं अट घातली, रविवारी तासभर एक बल्ब पेटला तर इथंच राहू, न्हाई तर सामान बांधू.

रविवारी अख्ख्या वसाहतीत पान हलंना. मी ड्रम हातानं ढकलला, तिनं बघितलं, ते बाद झालं. मग ध्यानात आलं, सडकेवरून ट्रक जोरात गेला की डोक्यावरची टोपी उडते. म्हंजे वारा आहे, पण डांबरीवर! चौघांनी चक्की उचलून सडकेच्या कडेला नेली. पहिला ट्रक भन्नाट गेला आणि दादा, बल्ब पेटला! मी नाचलो. (करुणा पण हसली, पण कबूल करायची न्हाई.) दुसऱ्या ट्रकवाल्याला लांबूनच हिरवा ड्रम फिरताना दिसला. त्यानं बघायला गाडी हळू केली. चक्की बंद. तिसरा तर थांबलाच आणि खाली उतरून विचारतो, "ये काहे की मशीन है, भाई?" दुपारपर्यंत अकरा ट्रक उभे. मी हात जोडून सांगून राहिलो, बाबाहो, जोरात जा, माझ्या संसाराचा सवाल आहे! कुणी हलंना.

तेवढी गर्दी बघून करुणानं चहा विकायला ठेवला. संध्याकाळपर्यंत आठ लिटर दूध संपलं. बल्ब सगळा मिळून मिनिटभर पेटला असंल. तरी तीच म्हणाली, "आता कुठं जायाचं न्हाई." तेव्हा ती नोकरी खुशाल दुसऱ्या कुणाला द्या. मी माझ्या दुकानाचा मालक राहिलो, याचा मला फार आनंद आहे.

तुमचा,
रत्नपाल

ता.क. वेल्डिंगच्या टेबलावर सध्या कपबशा असतात आणि त्या मी धुतो. लाइट न्हाई म्हणून धुतो, असं मी सगळ्यांना सांगायचो. पण काल लाइट दिवसभर होती.

आणखी एक ता.क. करुणा तुमचं ऐकते. मला रोज दोन तास वेल्डिंगसाठी सुट्टी द्यावी, असं तिला एक कार्ड टाका. मी सुचवलं असं मात्र लिहू नका, माझी नोकरी जाईल.