तिळाएवढी फुली

मंगळवार, संध्याकाळ

भाकरीवाल्या बायकांच्या ग्रुपवर आज भांडले. कडक भाकरीच्या ऑर्डरी ज्या ॲपवर येतात त्यात सारख्या जाहिराती. बंद करायची फुली तिळाएवढी, माझं बोट पिठाचं. दाबायला जावं तर जाहिरातच उघडते.

नणंद रेखा म्हणाली, "वहिनी, दुसरं ॲप हाय की. फुकट, जाहिरात न्हाय. ॲप कसं बनवलंय ते आतलं सगळं उघडं ठेवलंय, कुणीबी तपासावं."

मी तावातावानं लिहिलं, "मी चालले तिकडं. ज्यांना जाहिराती बघायच्यात त्यांनी बघा." सगळ्यांनी अंगठे टाकले.

गेले, तर तिथं मी आणि रेखा.

"गिऱ्हाईक कुटं हाय गं?"

"जुन्यावरच की, वहिनी."

मग काय, भाकरी रेखाला विकू? गुपचूप परत आले. पहिलीच जाहिरात मशीनच्या कडक भाकरीची. बोट पदराला पुसून फुली दाबली, तरी तीच उघडली.