क्लॅम्पवरची लाल रेघ

बुधवार, संध्याकाळ

शाळा सोडून मामाच्या गॅरेजवर आल्यापासून आज पहिल्यांदा टर्बोवाल्या गाडीचा नवा हवेचा पाइप मी एकटीनं बसवला. पाइप धरून ठेवनारे क्लॅम्प आवळले, पन भरवसा वाटंना. जोरात पळवल्यावर निसटला तर? मग मामा परत कशाला हात लावू देतो. म्हनून प्रत्येक स्क्रूवर नेलपॉलिशची लाल रेघ मारली. स्क्रू हलला की रेघ तुटती.

गाडीवाला हसला, "मिस्त्री, गाडीचं लगीन हाय का?" मी पुढच्या स्क्रूवर रेघ मारली.

मामा अन् गाडीवाला गाडी अर्धापूरपर्यंत पळवून आले. मामानं बॉनेट उघडलं. रेघा जशाच्या तशा. लई हलकं वाटलं.

मामा एवढंच म्हनला, "नेलपॉलिशची बाटली हितंच पाना-पक्कडीपाशी ऱ्हाऊ दे."

आता धाकटी भैन घरभर तिची नेलपॉलिश हुडकून राहिली. सांगितलं तिला, तुझी बाटली गॅरेजवर कामाला लागली.