तीन मिनिटं, बसून

१२ जानेवारी

बिडकीनला सव्वा तास बोलले. विषय – व्यसन आणि तरुण. लोकांनी मंडप डोक्यावर घेतला! संयोजक इंद्रजीत – आमच्याच चौकातल्या मंडळाचा – माईकवरून ओरडला, "ताईंच्या तोंडात तोफ आहे, तोफ!"

मग मंडपामागं गेले. तिथं माझा सख्खा धाकटा भाऊ खुर्च्यांच्या थप्पीला टेकून बसलेला. डोळे तांबडे, हातात प्लास्टिकचा ग्लास.

"ताई, लई भारी बोललीस. मागं पण सगळं ऐकू येत होतं."

आठ वर्षं पितोय शिवराज. कंपनीनं दोनदा लेखी ताकीद दिली. तिसरीनंतर घरीच बसवतील. आता त्याला भाषण नाही. त्याला बरं करणारी जागा शोधायची – याच शहरात!

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ बाजूला, फोन हातात. एका खाजगी केंद्राला लावला. पलीकडचा म्हणतो, "पत्ता सांगा, चार पोरं पाठवतो. उचलूनच आणतील." मी पेटले! "माझा भाऊ आहे तो, गॅसची टाकी नाही!"

मग १४४१६ लावला – मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी नंबर. एक मुलगी बोलली. मी समाजाचा, सरकारचा, दारूच्या दुकानांचा समाचार घेतला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, तुम्हाला झोप लागते का नीट?"

मी म्हटलं, "पत्ते सांगा."

दोन पत्ते मिळाले. सरकारी दवाखान्यातला मानसोपचार विभाग. आणि औरंगपुऱ्यात दर रविवारी भरणारी एक बैठक – पिणाऱ्यांची नव्हे, त्यांच्याबरोबर राहणाऱ्यांची.

१६ जानेवारी

दवाखाना. समुपदेशकाचं नाव हारिस. तिशीचा असेल. मी पिशवीतून सात पुस्तकं काढली, खुणा घालून नेलेली.

"मॅडम, किताबें बाद में. भाऊ येतील का?"

"नाही येणार."

"मग तुम्ही या."

एक गोष्ट त्यानं बजावून सांगितली – इतक्या वर्षांची दारू घरच्या घरी एकदम तोडायची नाही, जिवावर बेततं. डॉक्टर पाहिजे. आणि मी गेल्या वर्षी शिवराजला दोन दिवस खोलीत कोंडलं होतं! मोठी विचारवंत!

१८ जानेवारी, रविवार

औरंगपुरा. कापड दुकानावरची खोली, चौदा माणसं, सतरंजी. पद्धत अशी – प्रत्येकानं तीन मिनिटं बोलायचं, बसून, फक्त स्वतःच्या घरातलं. उपदेश नाही, टाळ्या नाहीत.

माझी पाळी आली. मी उभी राहिले! सवयच. पदर खोचला आणि सुटले. इतिहास झाला, अर्थकारण झालं, मूठ आवळून शेवट झाला. घड्याळात बघते तर पंचवीस मिनिटं.

बैठक चालवणाऱ्या शमशाद आपा – खुलताबादहून येतात, त्यांच्या नवऱ्याची दारू सुटून सहा वर्षं झाली – म्हणाल्या, "बाई, तकरीर लई जोरदार. पण तुमच्या घरात काय झालं, ते राहूनच गेलं की!"

खोली हसली. एक आजोबा तर डोळे पुसत हसले. आणि मीही! किती वर्षांनी इतकं हसले.

२५ जानेवारी, रविवार

बसून बोलले. "मी त्याच्या बाटल्या लपवते. तो पडून असला की कंपनीत फोन करते, ताप आलाय म्हणून सांगते. लोकांना सांगते, तो अशक्त आहे." एवढ्यावर थांबले. दीड मिनिटसुद्धा झालं नव्हतं.

आपांनी हात धरला. "अब शुरू हुआ."

येताना गुलमंडीवर कुल्फी खाल्ली. जानेवारीत! एकटीनं! फार हलकं वाटलं.

२७ जानेवारी

सकाळी सुपरवायझरचा फोन. शिवराज पांघरुणात. मी फोन नेऊन त्याच्या कानाला लावला.

"ताप म्हण ना," तो पुटपुटला.

"तूच सांग."

सांगितलं त्यानं काहीतरी. मग दार आपटून गेला. पण मी खोटं बोलले नाही.

३ फेब्रुवारी

संध्याकाळी जेवताना, ताटाकडं बघत – "त्या हारिसकडं गोळ्या देतात, का नुसतंच बोलतात?"

माझ्याकडं सतरा वाक्यं तयार होती. गिळली. "त्यालाच विचार."

घास तसाच राहिला त्याचा. "ताई, तुझी तब्येत बरी आहे ना?"

४ फेब्रुवारी

भरती झाला. स्वतःच्या पायांनी!

१४ फेब्रुवारी

घरी आला. दहा दिवस दवाखान्यात काढले. मेथीची भाजी वाटी पुसून खाल्ली. हारिसनं पुढच्या तारखा लिहून दिल्यात. "ही सुरुवात आहे, मॅडम, जलसा नका करू."

१८ फेब्रुवारी

केलाच जलसा मी! उद्या शिवजयंती, इंद्रजीतच्या मंडळात माझं व्याख्यान. तो म्हणाला, "ताई, शिवराजदादाचा सत्कार ठेवू. शाल, श्रीफळ, सगळं." आणि मी हो म्हणाले. शिवराजला न विचारता. जिभेवरच होतं – हो!

आज दुपारी चौकात फ्लेक्स लागला. दहा बाय आठ. शिवराजचा फोटो, वर "व्यसनमुक्त वीर". खाली "मार्गदर्शक" म्हणून माझा फोटो, त्याच्याहून मोठा! सोमवारपासून तो कामावर जातोय, आणि कंपनीची बस तिथूनच वळते. सगळी बस हसली म्हणे. शिवराज तिथंच उतरला. फोन बंद.

चार वाजता इंद्रजीतला घेऊन मी स्वतः शिडीवर चढले. साठीची बाई! दोऱ्या कापल्या. इंद्रजीत खाली फ्लेक्स गुंडाळत होता. एकदम विचारतो, "ताई, त्या दवाखान्यात नावगाव लिहून घेतात का?" मी त्याच्यावरच खेकसले – शिवराज सापडेना आणि तुला नावगाव सुचतंय!

सात वाजता शिवराज आला. मी दारात उभी. वास घेतला – हो, घेतला! काही नव्हतं.

"पिलो नाय. हारिसकडं बसलो होतो." चप्पल काढली. "माझं तोंड चौकात टांगलंस तू, ताई. मला इचारायचं तरी."

"चुकलं माझं," म्हणाले. त्यापुढं एक शब्द नाही. तो म्हणाला, "जेवायला काय केलंस?"

१९ फेब्रुवारी

सत्कार रद्द. व्याख्यानही. शिवराज कामावर गेला, त्याच बसनं.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी दाराशी इंद्रजीत. म्हटलं, पुढच्या व्याख्यानाची तारीख घ्यायला आला असेल. "या, बसा."

"तुम्ही नाही, ताई. दादा पाहिजेत." शिवराज बाहेर आला तशी इंद्रजीतची मान खाली गेली. "दादा, माझीपण सुटत नाही. मंडळात कुणालाच माहीत नाही. मला त्या दवाखान्यात घेऊन चला."

शिवराजनं गाडीची किल्ली घेतली. दोघं गेले.