पान सतरा

मंगळवार, संध्याकाळ. कुडाळ.

माझी विद्यार्थिनी नफिसा आज नोकरीच्या चाचणीत माझ्या नोट्समुळे नापास झाली, म्हणून लिहिते आहे. सी ही कॉम्प्युटरची भाषा शिकवताना पान सतरावर मीच लिहून दिलं: अवतरणचिन्हांतला शब्द पॉइंटरने, म्हणजे त्याच्या जागेच्या पत्त्याने, धरला की त्यातलं अक्षर बदलता येतं. क्लासमधल्या जुन्या डॉसच्या कंपायलरवर बदलतंही. वीस वर्षं तेच दाखवलं. आताच्या मशीनवर तो शब्द मेमरीतल्या फक्त वाचायच्या जागेत असतो. बदलायला गेलं की प्रोग्राम बंद. आधी अ‍ॅरेत, म्हणजे बदलता येईल अशा जागेत, नक्कल घ्यायची, मग बदलायचं. एवढंही मला ठाऊक नसावं?

“बाई, तुमचा पान सतरा पाठ करून गेलंय,” नफिसा म्हणाली. “थंय माझ्याआधी प्रोग्रामच पडलो!” आणि हसली. रडली असती तर बरं झालं असतं.

गेल्या वर्षी तिनेच शंका काढली होती. “डोळ्यांसमोर चालतंय ना? मग बस खाली,” मी म्हटलं होतं.

पान सतरा किती घरांत असेल? आता कुणाकुणाला गाठू?

नोट्सची मूळ फाईल दुरुस्तीसाठी तिच्याच हाती दिली. देण्याआधी पान सतरा फाडलं नाही. त्यावर लाल शाईने ‘हे चूक आहे, नफिसा बरोबर होती’ लिहून खाली सही केली.