काळगुहेची छपाई आणि धूलकोटची पसंती

चि. पूर्णिमा हिला बुऱ्हाणपूरहून कुसुममावशीचे पोटभर आशीर्वाद.

तुझी तब्येत ठणठणीत असेल, वेळेवर जेवत असशील आणि केसांना तेल लावत असशील असं धरून चालते (तिन्ही गोष्टी खोट्या आहेत हे मला माहीत आहे, पण पत्राची सुरुवात खऱ्याने करायची आपल्यात पद्धत नाही). इकडे आम्ही सगळे ठीक. तुझ्या आईचा गुडघा हवामानखात्याच्या आधी पाऊस सांगतोय. तुझे बाबाही बरे आहेत. रिटायर झालेल्या गणिताच्या मास्तरांना संध्याकाळ खायला उठते, म्हणून रोज आमच्या प्रेसवर येऊन कोपऱ्यात फुकटचा पेपर वाचतात, आणि तुझं नाव निघालं की पेपर तोंडापुढे उभा धरतात. तू नोकरी सोडलीस त्याला वर्ष होत आलं, पण त्यांचं वाक्य अजून तेच, “पोरगी पुण्यात भातुकली खेळते.” म्हणून तुझं काम माझ्याकडे आलंय हे मी त्यांना कळू दिलं नव्हतं. ते कसं कळलं, तीच तर रामकहाणी आहे.

तर बाई, तुझी ती फाईल पोचली. तू फोनवर म्हणालीस की लोक तुझा खेळ कंप्युटरवरून विकत घेतात, पण कागदावर छापायला गेलं की खेळापेक्षा छपाई महाग पडते, तर मावशी, तू लग्नपत्रिकावाली, काहीतरी डोकं चालव. डोकं चालेल गं, पण आधी मशीन चालायला नको? पान उघडलं तर सगळं काळं! गुहा काळी, आभाळ काळं, राक्षस काळा, आणि त्यावर पांढरी अक्षरं. दोन-चार पानांतच मशीनने सगळी शाई गिळली आणि तोंड वासून बसली. कागद इतका ओला की लोटूने तो दोरीवर वाळत घातला. (लोटू म्हणजे आमचा कारागीर, तुझ्या आईच्या लग्नाची पत्रिकासुद्धा त्यानेच छापली होती, आणि त्यात तुझ्या बाबांचं नाव चुकवलं होतं.) शिवाय मला खेळच कळेना. मग तूच समजावलंस, की चार जण बसतात, एकेक सोंग घेतात, कोणी तिरंदाज, कोणी वैदू, आणि पाचवा गोष्ट सांगतो, समोर गुहा आहे, आता काय करता? मी म्हटलं, हे तर आमच्या भिशीत दर महिन्याला होतं, फक्त गुहेच्या जागी कोणाची तरी सासू असते.

मग मी पदर खोचला. आधी ते काळं सगळं पुसून काढलं. पांढरं पान, काळी अक्षरं, शाळेच्या पुस्तकात असतात तशी. चित्रं नुसत्या रेघांची ठेवली, ज्याला हौस असेल त्याने रंगीत खडूने रंगवावी. मोठा नकाशा साध्या पानांवर तुकड्यातुकड्याने घेतला, घरी डिंकाने जोडून घ्यायचा. एका कागदावर दोन-दोन पानं घेतली, मधे घडी, वर पिना, झालं आरतीच्या पुस्तकाएवढं पुस्तक. मंत्रांच्या पत्त्यांना तुझा तो जाड चकचकीत कागद कोणाला परवडणार? आमच्याकडे उरलेल्या लग्नपत्रिकांचा ढीग आहे, मागून कोऱ्या, त्याच कापल्या. (त्यामुळे ‘अग्निवर्षाव’ उलटा केला की ‘आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!’ असं दिसतं. चालवून घे.) राक्षस म्हणून पावरलूमवाल्यांकडचे सुताचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन उभे केले, डोळे काढले की झाला राक्षस. राहिला तुझा वीस बाजूंचा फासा. तो चौकात मागितला तर दुकानदाराने मला बसायला खुर्ची दिली आणि पाणी हवंय का विचारलं. शेवटी भिशीतल्या तंबोल्याचे एक ते वीस आकडे पिशवीत घातले. हात घाला, काढा, परत टाका. आकडा मोठा तर डाव साधला, एक निघाला तर घात. फासा पलंगाखाली गेला ही झंझटच नको.

इथवर माझी मीच पाठ थोपटून घेत होते. घोळ झाला तो पात्राच्या पानावर, म्हणजे खेळणाऱ्याने आपल्या सोंगाचं नाव, उंची, कुळ, गुण, मालमत्ता लिहायची त्या पानावर. तू नमुना भरून पाठवला होतास, रश्मी नावाची तिरंदाज, उंच, स्वभाव तापट. आता जन्मभर लग्नाचीच कामं केलेल्या माणसाच्या हातात असा कागद पडला तर तो काय करेल? लोटूने तो सरळ बायोडाट्याच्या साच्यात बसवला. वर गणपती, कडेने वेलबुट्टी, ‘मामेकुळ’ पदरचं घातलं, आणि खाली संपर्काला प्रेसचा नंबर, कारण साच्यात तो असतोच. वर एक प्रत स्थळांच्या फायलीत लावून मोकळा! (पत्रिका छापायला येणारे लोक ती फाईल चाळतात. आमच्या बाकावर लग्नं जमलेली आहेत, थट्टा नाही.)

मागच्या रविवारी संध्याकाळी धूलकोटचे दगाभाऊ, केळीचे बागाईतदार, बायकोला घेऊन दारात उभे. एका हातात केळ्यांची फणी, दुसऱ्यात आमच्या फायलीतून नेलेला कागद, डोक्यावर नवी टोपी. मुलगी बघायला आलो म्हणे. कोणती? तर रश्मी! त्यांना सगळंच पसंत होतं. पोरीचा स्वतःचा घोडा आहे, पिशवीत सोन्याच्या मोहरा आहेत, आणि मुख्य म्हणजे एका बाणात लांडगा पाडते. दगाभाऊंच्या बागेत रानडुकरं शिरतात, फटाके फोडून फोडून बिचारे थकले, अशी सून आली तर केळी वाचली असा त्यांचा सरळ विचार. तापट स्वभावाचं मी हळूच काढून बघितलं, तर त्यांच्या सौ. म्हणाल्या, “तापट त मी बी शे, काय व्हयनं?”

पाहुणे केळी घेऊन आलेत आणि मुलगी कागदावरची! लोटू मशीनमागे दडला. मुलगी बाहेरगावी गेलीय अशी थाप मारणार, तेवढ्यात कोपऱ्यातला पेपर खाली आला. तुझे बाबा उठले, दगाभाऊंच्या हातातला कागद घेतला, चष्मा सरसावून वरपासून खालपर्यंत वाचला. खाली बारीक अक्षरात खेळ रचणारी म्हणून तुझं नाव होतं. तिथे थांबले. मग शांतपणे पाहुण्यांना म्हणाले की ही मुलगी खरी नाही, एका खेळातली आहे. दगाभाऊ म्हणाले, एवढी हुबेहूब मुलगी कोणी केली? तुझे बाबा म्हणाले, “माझ्या मुलीने.” भातुकलीचा भ सुद्धा काढला नाही. मला भरून आलं, पण पाहुण्यांसमोर रडणार कुठे, म्हणून लोटूवर ओरडले आणि त्याला मावा जिलेबी आणायला पिटाळलं.

आता धूलकोटहून आलेल्या माणसांना नुसतं जिलेबीवर वाटेला लावायचं का? शोभतं का ते? म्हटलं, मुलगी देता येत नाही, निदान दाखवते तरी. बाक ओढला, नकाशा पसरला, कोन उभे केले, आणि गोष्ट सांगायला मी बसले. रश्मी अर्थात दगाभाऊंनीच घेतली, दुसऱ्या कोणाला हात लावू देईनात. त्यांच्या सौ. वैदू, लोटू चोर (शोभलाच). तुझे बाबा आधी म्हणाले, मी फक्त नियम बरोबर आहेत का ते बघतो. मग म्हणाले, ह्यांना आकडेमोड जमत नाहीये, आणा तो तलवारवाला इकडे. दगाभाऊ राक्षसाशी लढायचं सोडून केळीच्या व्यापाऱ्यासारखी घासाघीस करत बसले. आणि तुझे बाबा? दरीवरचा पूल आपलं वजन पेलतो हे त्यांनी पेपरच्या कडेला गणित मांडून सिद्ध केलं, पुलावर पाय ठेवला, पिशवीत हात घातला आणि निघाला एक! पडले की खाली! दगाभाऊंच्या सौं.नी चक्क हळहळ केली.

तेव्हा हे पार्सल घे. स्वस्त झालंय, सुटसुटीत झालंय, आणि आता कोणीही गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडे छापून घेऊ शकतो. पण यापुढे मला असलं काळंकुट्ट काही पाठवू नकोस, मशीन अजून खोकते आहे. जेवत जा.

तुझी,
कुसुममावशी

ता. क. पुढचा भाग ताबडतोब पाठव, हवं तर काळाच पाठव. दगाभाऊ येत्या रविवारी परत येणार आहेत, सोबत व्याही आहेत.

ता. क. दुसरं. तुझे बाबा अजून मेलेलेच आहेत (खेळात गं, घाबरू नकोस). मी त्यांना लगेच जिवंत करत होते, पण ऐकत नाहीत. म्हणतात, जिने खेळ रचला तिलाच तो अधिकार, तिने बुऱ्हाणपूरला येऊन उठवावं. गाडी कोणती ते कळव. स्टेशनवर ते स्वतः येणार आहेत.

ता. क. तिसरं. पाठवलेल्या पुस्तकात शेवटाकडचं एक पान नाही, आणि त्याच्या जोडीचं सुटं झालंय. ‘मेलेल्या गड्याला गोष्ट सांगणारा कधीही उठवू शकतो’ हा तुझा नियम त्या पानावर होता. मी तो तुझ्या बाबांना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला, पान फाडलं, घडी करून खिशात घातलं आणि म्हणाले, “छपाईची चूक आहे. तिलाच येऊ दे.”