टाकीजवळचा फाटा

तीर्थरूप भावोजींना कोपरापासून नमस्कार.

तुमचा खोकला कसा आहे? ताईला विचारलं तर ती म्हणते, "त्यांनाच विचार," आणि तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. इकडे सगळे मजेत. पाच महिन्यांपूर्वी तुमच्याच जेवणाच्या टेबलावर, पाण्याच्या टाकीजवळचा, यार्डात जाणारा रुळांचा फाटा जाताना डाव्या हाताला की उजव्या, यावरून मी तुम्हाला जे बोललो (एकतीस वर्षं लोकल चालवून माणसाला बाजू कळू नये वगैरे) ते मी केव्हाच विसरलो. तुम्हीही विसरा. मन मोठं करायची माझी तयारी आहे, कारण आता माझ्याकडे पुरावा आहे.

मी लोकलच्या अख्ख्या मार्गाचा नकाशा काढला, तोही फोटोंवरून. भूगोलाच्या मास्तरने निवृत्तीनंतर दुसरं काय करावं? (ही म्हणते, भाजी आणावी.) आधी पुलावरून गाड्यांचे फोटो काढले, पण विजेच्या तारांचे खांब इतके आगाऊ की दर वेळी नेमके गाडीच्या तोंडावर येत. चौथ्या दिवशी स्टेशनमास्तरांनी बोलावून विचारलं, कशाचे फोटो काढता? म्हटलं, रुळांचे. ते म्हणाले, "रूळ कुठे पळून जात नाहीत, सावकाश काढा," आणि लेखी परवानगी दिली. मग रोज सकाळी शेवटच्या डब्यात उभं राहून गार्डच्या खोलीच्या काचेतून फोटो काढू लागलो. गार्ड सुरुवातीला पडदा ओढून घेत. आता मी दिसलो की आपला जेवणाचा डबा फोटोत येऊ नये म्हणून बाजूला सरकवतात. (परतीच्या गाडीत मी झोपतो. ऊन छान येतं.) असे दोनशे बारा फोटो झाले, आणि त्यांत टाकीजवळचा फाटा स्वच्छ डाव्या हाताला दिसतो, भावोजी. नकाशा मोठा छापून घेतलाय, शनिवारी प्रतीक्षालयात लागतोय, रविवारी उद्घाटन. अवश्य या. चारचौघांत मी तुम्हाला काही बोलणार नाही.

आपला क्षमाशील मेहुणा

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी नकाशा गार्डना दाखवला. बराच वेळ बघून ते हळूच म्हणाले, "काका, स्टेशनमास्तरांची खोली पलीकडच्या फलाटावर कशी गेली?" भावोजी, मी रोज मागे तोंड करून उभा होतो. मागे बघणाऱ्याचं डावं ते पुढे जाणाऱ्याचं उजवं, हे मी तीस वर्षं वर्गात शिकवलं. फाटा उजवीकडेच आहे. चूक माझी. आणि मी जे बोललो ते मला एक दिवससुद्धा विसरता आलेलं नाही.

आणखी ता. क. नकाशा पुन्हा छापायला वेळ नाही. शिवाय खाली ठळक अक्षरात 'तपासणारे' म्हणून तुमचं पूर्ण नाव आणि हुद्दा छापून बसलोय. (डावीकडचा फाटा तुमच्याच नावाने कायम व्हावा, असा खवचट विचार होता.) रविवारी तुमच्या वेळचे सगळे मोटरमन येताहेत. तेव्हा शनिवारीच या. स्टुलावर मी चढतो. काय काय खोडायचं ते तुम्ही खालून सांगा.